चार नंबर, आवाज द्या

“चार नंबर, आवाज द्या.”

सभागृहाच्या अगदी मागे, शेवटच्या रांगेपाठी मिक्सर मांडून बसलेल्या साउंडवालीने हे तिसऱ्यांदा सांगितलं. मंचावर चौथ्या माइकसमोर उभ्या असलेल्या बाईंनी ओठ हलवले. मिक्सरवरचा हिरवा दिवा जेमतेम लुकलुकला आणि विझला.

बाकी सगळं कसं झोकात जमलं होतं! कीबोर्डची वायर लागली, गिटार लागली, बासरीचा माइक लागला. प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या पट्टीवर नाव लिहून झालं. गिटारवाल्याने तपासणीला गरीब गाईसारखं वाजवलं, तेव्हा तिने त्याचा आवाज मुद्दामच थोडा कमी ठेवला. या जमातीच्या तपासणीत कोणी फसू नये. लोक समोर बसले की यांच्या अंगात येतं, हे तिला ठाऊक होतं. नवी कोरी वायर, रिकामं सभागृह आणि थोड्याच वेळात भरणाऱ्या खुर्च्या, तिला या वेळेची नशा चढायची.

अडलं होतं ते चार नंबरवर. आणि चार नंबर तिची आई होती.

आई आज पहिल्यांदा एकटीने गाणार होती. पूर्ण गायनवृंद मागे गप्प उभा आणि चार ओळी फक्त तिच्या. घरी भांडी घासताना याच ओळी गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या. इथे मात्र तोंडातल्या तोंडात चाललं होतं. साउंडवालीने माइकचा गेन, म्हणजे आवाज ओढून घ्यायची ताकद, वाढवला, आणखी वाढवला. स्पीकरने कर्कश शिट्टी मारली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

“आई, समोर कोणी नाहीये. नुसत्या खुर्च्या आहेत.”

“त्याच तर भरणार आहेत ना!” आई म्हणाली. हे बरं स्पष्ट ऐकू आलं.

गायनवृंदाचे सर मंचावरून उतरून तरातरा मागे आले. माणूस चांगला, पण घड्याळाचा गुलाम. “हे बघ, त्या चार ओळी आपण कीबोर्डवर वाजवून घेऊ. तुझ्या आईला उगाच त्रास नको. दारं उघडायची वेळ झाली.”

हे गाणं आज गेलं, तर आई पुन्हा कधी माइकसमोर उभी राहणार नाही, हे साउंडवालीला लख्ख कळलं.

“एकदाच, सर. शेवटचं.” तिने बोलायचा माइक ओढला. घाईत ‘चार नंबर’ राहून गेलं आणि ‘द्या’सुद्धा राहून गेलं. “आई, आवाज दे गं!”

आईने मान वर केली. तिला वाटलं, हाक मारायला सांगतेय.

“ठकेऽऽऽ! अगं ए ठकेऽऽऽ! घरी ये गंऽऽ!”

मिक्सरवरचा लाल दिवा भपकन पेटला. खिडकीच्या काचा थरथरल्या. आणि साउंडवाली, बारा वायरी बिनचूक लावणारी, हाताखाली दोन माणसं असणारी साउंडवाली, “आले, आले!” म्हणत खुर्चीतून उठून धावायलाच लागली. हेडफोनच्या वायरीने तिला मागे खेचलं.

गायनवृंद हसून लोटपोट झाला. गिटारवाला तर खालीच बसला. “ठकी!” तो म्हणाला, आणि पुन्हा हसत सुटला.

“आवाज दे म्हणालीस म्हणून दिला,” आई गोरीमोरी होऊन म्हणाली.

ठकी लाल कानांनी परत येऊन बसली आणि भराभर गेन खाली आणला. “पुन्हा दे.” आईने पुन्हा हाक मारली. दिवे हिरव्यातून पिवळ्यापर्यंत चढले आणि लालच्या अलीकडे थांबले. तिने तिथेच बोट काढलं.

“अगं, ही हाक झाली,” सर म्हणाले. “गाताना एवढा आवाज नाही लागला तर?”

“तर कोणालाच ऐकू येणार नाही.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “तुझ्या जबाबदारीवर,” म्हणाले आणि गेले.

दारं उघडली. खुर्च्या भरल्या. गिटारवाल्याच्या अंगात अपेक्षेप्रमाणे पहिल्याच गाण्याला आलं आणि ठकी स्वतःवर खूश झाली. मग मागचा गायनवृंद गप्प झाला आणि आई एक पाऊल पुढे आली.

पहिली ओळ आली तीच मुळी घाबरत. चार नंबरचा हिरवा दिवा तळाशीच लुकलुकला. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. सर वळून मिक्सरकडे पाहू लागले. ठकीचं बोट बटणावर गेलं. वाढवलं तर शिट्टी, नाही वाढवलं तर काहीच नाही.

तिने बोट काढलं. बाजूची वायरींची पेटी ओढून ती तिच्यावर चढली आणि मिक्सरच्या दिव्याच्या उजेडात जेवढा उंच जाईल तेवढा हात वर केला.

आईला ती दिसली. सगळ्या डोक्यांच्या पलीकडे, लांब, पार टोकाला.

दुसरी ओळ आली ती गल्लीच्या टोकापर्यंत जाणारी. दिवे हिरव्यातून पिवळ्यात चढले आणि लालच्या अलीकडे थांबून तिथेच थरथरत राहिले. लोक ताठ बसले. सर पुन्हा मंचाकडे वळले.

शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजारणीला कोपराने ढोसलं. “काय आवाज आहे! कोणाला हाक मारतायत हो या बाई?”

“मला,” मागून पेटीवरून उत्तर आलं.