नानांची अक्षरं

"हाही कचराच!" सुनेने प्रिंटरमधून कागद ओढून काढला. फुल्या, कंस, अर्धीमुर्धी चिन्हं. धड शब्द एकही नाही.

तिच्या सासऱ्यांचा, नानांचा उभा जन्म टेलिफोन खात्यात मोडेम जोडण्यात, त्यांचे वेग जुळवण्यात गेला. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, तेव्हापासून ते आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका हाताने लिहायचे. पडदा जळाला होता, पण लिहिलेलं थेट कागदावर उमटायचं. महिन्यापूर्वी अचानक हे असं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, बुद्धीवर परिणाम झालाय. नणंदेने वृद्धाश्रमात जागा बघितली. गाडी दुपारी येणार होती.

सुनेच्या मनाला ते पटेना. नवरा गेल्यावर नानांनीच तिला पुन्हा उभं केलं होतं. त्यांच्यासाठी परगावची नोकरी तिने दोनदा नाकारली होती. शेवटचा उपाय म्हणून तिने मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिकने स्वतःचा पडदा जोडला, दोन-चार आज्ञा टाइप केल्या आणि कपाळावर हात मारला. "अहो, प्रिंटर ऐकतोय नऊ हजार सहाशेच्या वेगाने आणि कॉम्प्युटरचा पोर्ट पाठवतोय बाराशेने! दोघांचं जुळणार कसं? कचराच येणार."

"म्हणजे नाना..."

"त्यांचं डोकं ठणठणीत असणार. झालं बघा सरळ. पण मॅडम, वेग असा आपोआप बदलत नाही. कुणीतरी हात लावलाय."

सून नणंदेकडे वळली. ती नानांचे कपडे बॅगेत भरत होती.

"ताई, धूळ पुसायच्या निमित्ताने या टेबलाशी तुम्हीच असायचात. सख्ख्या बापाला वेडा ठरवायची एवढी घाई?"

"वहिनी, देवाशपथ! मला यातलं ओ की ठो कळत नाही." सदरा छातीशी धरून नणंद रडू लागली. "नानांना मी का हौसेने पाठवतेय?"

"मग भुताने बदललं?"

शेजारच्या खुर्चीतल्या नानांनी टेबलावर मूठ आपटली. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. बोट एकेका बटणावर सावकाश पडू लागलं. प्रिंटर खरखरला. या वेळी अक्षरं स्वच्छ होती. सुनेने कागद फाडून घेतला आणि वाचला.

'पोरीला बोलू नकोस, सूनबाई. वेग मीच बदलला. मी शहाणा आहे हे कळलं असतं, तर तू मला सोडून परगावी नोकरीला कधी गेली असतीस का?'