तीनशे बारा ‘किंवा’

खात्याच्या कॉम्प्युटरला संशयितांची यादी काढायला तीन तास लागायचे. शोधाला तीनशेहून जास्त अटी होत्या आणि त्या जोडायला तीनशे बारा ‘किंवा’. येणारा प्रत्येक साहेब आपली एक अट घालून जायचा. जुनी काढायची कोणाची छाती नव्हती. महिन्यात दोनदा कुलूप बदलणारा, किंवा एकटाच हसणारा, किंवा वाचनालयाचं पुस्तक मुदतीआधी परत करणारा... एक जरी अट लागू पडली, तरी माणूस यादीत.

“मला यादी एका मिनिटात हवी,” नवे साहेब म्हणाले.

प्रोग्रामरबाईंनी आठवडाभर डोकं खाजवलं आणि शेवटी प्रश्नच उलटा विचारला: यातल्या कशातच न बसणारा कोण? उत्तर चुटकीसरशी आलं. अख्ख्या शहरातून एकच नाव, तेही त्यांच्या वडिलांचं! बाईंचा ऊर भरून आला.

“साहेब, हे एक सोडून बाकी सगळे संशयित. झाली तुमची यादी.”

साहेब त्या नावाकडे बघतच राहिले. “इतका सरळ माणूस? कुठेतरी पाणी मुरतंय.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं शेवटची अट टाईप केली: किंवा कशातच न बसणारा.

यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“साहेब,” बाई चाचरत म्हणाल्या, “यात तुमचंही नाव आहे.”

“असायलाच हवं,” साहेब समाधानानं म्हणाले. “मी एकटाच बाहेर राहिलो असतो, तर लोकांना संशय नसता आला?”