लाइनवरचा लोड

गाडी चार्जिंगला लावली की आमच्या घरातले दिवे मंद होतात. बाबाही होतात. बोलता बोलता ते पुसट होतात आणि त्यांच्यामागचं कपाट दिसू लागतं. प्लग काढला की खाकरतात आणि राहिलेलं वाक्य पूर्ण करतात.

वायरमन म्हणाला, "सगळी गल्ली एकाच वेळी गाड्या लावते, काका. लाइनवर लोड येतो. संध्याकाळी जरा बसून राहत जा."

"तरी सांगत होते, पेट्रोलची घ्या," आई म्हणाली.

आज आम्ही गाडी लावलीच नाही. तरी संध्याकाळी दिवे मंदावले.

"अगं, ऐक, मला..." एवढंच बाबा म्हणाले. खुर्ची रिकामी झाली.

मी धावत गल्लीत गेलो. रांगेने लावलेल्या गाड्या झोपेत गुणगुणल्यासारख्या गुणगुणत होत्या. मी पहिलीचा प्लग उपसला.

सगळ्या गाड्या एकदम खाकरल्या.