कशावरून?

कोणी माथी भडकवायला आलं, तर आधी तीन प्रश्न विचारायचे, असं मुग्धा मॅडमनी नववी ‘ब’ला शिकवलं. कोणी सांगितलं? कशावरून? आणि यात तुमचा काय फायदा?

आठवड्याभरात अख्ख्या कोथरूडच्या डोक्याला ताप झाला. गृहपाठ दिला, की वर्ग विचारी, “यात तुमचा काय फायदा?” दह्याने सर्दी होते म्हणणाऱ्या आज्यांची घरोघरी उलटतपासणी सुरू झाली. पालकांच्या तक्रारींचा गठ्ठा समोर ठेवून मुख्याध्यापक म्हणाले, “अहो मॅडम, तुम्ही मुलांना शिकवता तरी काय?”

मॅडमनी गठ्ठ्यातली पहिली तक्रार उचलली. तेवढ्यात नववी ‘ब’ची ईश्वरी मोबाइल नाचवत आत घुसली आणि मागून सगळा वर्ग खिदळत आला. त्यांच्या गेमच्या ग्रुपवर महिनाभर एक अनोळखी दादा यायचा. आपले लोक धोक्यात आहेत, शत्रूला धडा शिकवायला तयार व्हा, म्हणायचा. काल बेचाळीस जणांनी त्याला तेच तीन प्रश्न विचारले.

“मॅडम, पळाला तो! ग्रुपच सोडून गेला!”

मॅडमनी मोबाइल घेतला. जाता जाता त्याने लिहिलं होतं, ‘कार्ट्यांनो, तुम्हाला शाळेत शिकवतात तरी काय?’