अठरा पिंपं समुद्र

पाचव्या लाटेला बांधाचे वरचे चार दगड सुटले आणि गडगडत हौदाच्या तळाशी जाऊन बसले. बाबारावांनी हातातली फळी सोडून दिली आणि कपाळाला हात लावला.

धंतोलीतल्या घराच्या अंगणात त्यांनी वीस फूट लांबीचा हौद बांधून घेतला होता. एका टोकाला बिजागरीवर हलणारी फळी होती. ती ढकलली की लाट उठायची. दुसऱ्या टोकाला दगडांचा बांध, खऱ्याच्या तिसाव्या हिश्शाचा. कोकणातल्या एका लहानशा संस्थानाला बंदरासमोर लाटा अडवणारा बांध हवा होता, आणि तिथल्या दिवाणांनी नागपूरच्या मोठ्या गोऱ्या साहेबांचा सल्ला मागितला होता. साहेबांनी ते काम बाबारावांच्या गळ्यात घातलं.

बाबारावांची वीस वर्षं तलाव आणि कालवे बांधण्यात गेली होती. समुद्र त्यांनी जन्मात एकदाच पाहिला होता, गिरगावात, तोही तासभर. पण तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून तो काही गेला नव्हता. नमुना टिकला तर दिवाळीनंतर खरा बांध बांधायला तेच कोकणात जाणार होते. नाही टिकला तर पुन्हा कालव्यातला गाळ होताच.

"काहून असे बसले जी?" प्रेमिलाबाई ताकाचा गडवा घेऊन आल्या.

"दगड सुटून राहिले. उतार अजून कमी करा लागन."

"अन् पाणी कुठलं हे? आपल्या विहिरीचंच ना? समुद्राचं पाणी जड रायते, त्यात दगड हलका होते, असं तुमीच सांगत होते. मंग इथं पास झालेला बांध तिकडं फेल झाला तं?"

बाबाराव बायकोकडे बघतच राहिले. हे आपण तिला जेवताना ऐकवलं होतं खरं, पण ती तेव्हा हुं हुं करत पोळ्या लाटत होती. हिच्या डोक्यात ते राहिलं कसं?

"तुले तं इंजिनेर करा लागते वं!" ते ताडकन उठले आणि पगडी चढवून तसेच कचेरीत पळाले.

साहेबांनाही कल्पना भलतीच आवडली. त्यांनी तिथल्या तिथे परवाना लिहून दिला: 'अठरा पिंपं समुद्राचे पाणी, सरकारी कामासाठी.' खाली झोकदार सही.

पिंपं मुंबईहून आली तेव्हा स्टेशनवरच्या मालबाबूला दारूचा संशय आला. त्यानं एक बूच काढून घोट घेतला आणि थू थू करत नळाकडे धावला. बाबाराव हसून हसून बेजार झाले. सहा बैलगाड्यांवरून समुद्र धंतोलीत आला, तो बघायला गल्लीभर माणसं उभी होती.

"तो परवाना मले ठेवू द्या जी," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तुमच्या टेबलावर हरपून जाईन."

त्यांनी तो काढून दिला आणि ते विसरूनही गेले. त्यांना आता जेवणाचीही शुद्ध नव्हती. बांधाचा उतार दीडास एक होता, तो दोनास एक केला. वरचे दगड बदलले, पायथ्याशी मोठे घातले. रोज दगड कमी सुटू लागले आणि रोज त्यांचा आनंद वाढू लागला. हौदातलं पाणी मात्र दिवसाला चार बोटं उतरायचं. वैशाखातलं ऊनच तसं, ते तलाव पिऊन टाकतं, तिथं हौदाची काय कथा! प्रेमिलाबाई न सांगता पिंपांतून भर घालायच्या. बायको एवढी मन लावते म्हणून बाबारावांचा ऊर भरून यायचा.

तिला तिची कामं काय कमी होती? कुरडयांचे दिवस होते. शेजारच्या कुसुमताई आणि रुखमाबाई सकाळीच यायच्या आणि तिघी मिळून गच्चीवर पराती, घमेली मांडायच्या, वर पातळ धोतरं ताणायच्या. वर फिरकायची पुरुषांना मनाई होती.

"कुरडया पानात कधी पडन?" पंधराव्या दिवशी त्यांनी विचारलं.

"वाळून राहिल्या जी. घाई काहून करता?"

बांधाच्या परीक्षेच्या दिवशी प्रेमिलाबाई पहाटेच टोपल्या घेऊन शेजारणींबरोबर बाहेर पडल्या. साहेब आठाच्या ठोक्याला आले. हौद बघताच त्यांनी कोट काढून फेकला आणि फळी स्वतःच धरली. बाबाराव मोजू लागले. दहा लाटा झाल्या, पन्नास झाल्या. साहेब घामानं निथळत होते आणि पोरासारखे ओरडत होते. शंभरावी लाट फुटली, पांढरी होऊन मागे सरली आणि बांधाचा एकही दगड हलला नाही.

"शाबास!" साहेबांनी नकाशावर मंजुरीची सही ठोकली. "दिवाली के बाद तुम कोंकण जायेगा."

बाबारावांचे डोळे भरून आले. बायको या वेळी घरात हवी होती, असं त्यांना फार वाटलं.

तेवढ्यात फाटकातून एक हवालदार धापा टाकत आला.

"हुजूर, सीताबर्डीच्या चौकात बायकांनी कायदा मोडला जी! पुड्यांचा लिलाव करून राहिल्या, ही गर्दी! एका बाईनं पह्यली पुडी खास तुमच्यासाठी देली. म्हणे, साहेब धंतोलीत हायेत, त्यायच्या हातातच द्या."

साहेबांनी पुडी सोडली. तळहातावर पांढरे, जाडेभरडे खडे पडले. त्यांनी एक जिभेवर ठेवला आणि ते मोठ्यानं हसले.

"नमक? नागपूर में? यहाँ समंदर किधर है?"

बाबारावांची नजर हौदाकडे गेली, तिथून गच्चीवरच्या रिकाम्या परातींकडे गेली आणि मग साहेबांच्या हातातल्या पुडीच्या कागदावर येऊन थांबली. कागद चुरगळला होता, पण अक्षरं साफ वाचता येत होती: 'अठरा पिंपं समुद्राचे पाणी, सरकारी कामासाठी.' आणि खाली साहेबांची झोकदार सही.