शेषरावच्या आखाड्याची वाट

“डावीकडे की उजवीकडे, तेवढंच सांगा,” प्रमोद म्हणाला.

पारावरच्या म्हाताऱ्या ग्यानोबाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “डावं-उजवं तुमी कसे उभे ऱ्हाता त्याच्यावर हाय, पाव्हणं. वाट थोडीच तुमच्यासंगं फिरती? हरिचंदच्या चिंचेपासून खाली उतरा. मंजुळाबाईचा वढा लागंल. वढा वलांडला की कोणालाबी इचारा, शेषरावचा आखाडा कुठं. पण तुमी कोणाचे म्हणायचे?”

“कामानं आलोय,” एवढं बोलून प्रमोद निघाला.

पुण्यात वाट अशी कुणी सांगत नाही. तिथे वॉचमन मान वर न करता म्हणतो, लोकेशन लावा. तुम्ही कोणाचे, हेही तिथे कुणी विचारत नाही. प्रमोदला ते बरं वाटायचं. इथे मात्र फोनच्या नकाशावर शिरड शहापूर मागे पडलं होतं आणि पुढे नुसती कोरी हिरवी पाटी होती. तिच्यावर एक निळा ठिपका एकटाच थरथरत होता.

सात वर्षांचा असताना आईचं बोट धरून तो याच शिवारातून बाहेर पडला होता. काय बिनसलं होतं, ते कळायचं वय नव्हतं. बाप न्यायला आला नाही. पत्र नाही, सांगावा नाही. आईने पुन्हा त्या घराचा विषय काढला नाही. गेल्या महिन्यात आई गेली. तेराव्यानंतर मामाने सांगितलं, गावातलं घर पडलं, तुझा बाप आता शेतात आखाड्यावरच, गुरांच्या गोठ्याशेजारच्या खोपटात राहतो. प्रमोदला जमीन नको होती. माया मागायचं वयही मागे पडलं होतं. त्याला बापाला एकच विचारायचं होतं. तीस वर्षांत माझं नाव एकदा तरी तुमच्या तोंडी आलं का? तेवढ्यासाठी तो पाचशे किलोमीटर आला होता.

चिंच काही दिसेना. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक माणूस बांधावरून येत होता. प्रमोदने त्याला थांबवलं.

“हरिचंदची चिंच?” तो हसला. “ती पडून पाच साल झाले की.”

“अहो, त्यांनी तर चिंचेपासून उतरा म्हणून सांगितलं!”

“बराबरच सांगितलं. झाड पडलं, जागा कुठं जाती? तुमी तिच्या सावलीतच उभं ऱ्हायलात.”

भर उन्हात प्रमोदने वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं. तो खाली उतरला.

ओढ्यापलीकडे हळद शिजत होती. कढईची वाफ शेतावर पसरली होती. तो कडवट, मातीत मुरलेला वास नाकात शिरला. डोक्याने विसरलेलं अंगाने जपून ठेवलं होतं. तो उभा राहिला. बाप ‘न्हाई’ म्हणाला तर? नुसती मान हलवली तर? विचारलंच नाही, तर निदान ‘आलं असेल’ एवढं तरी हाताशी राहील. वसमतची एसटी चारला होती. तो माघारी फिरला.

“ओ पाव्हणं! माघारी काहून चालले?”

शिजलेली हळद उन्हात पसरणारी बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली होती. “वाट चुकली व्हय? कोणाकडं जायचं?”

“शेषरावांच्या आखाड्यावर. पण राहू द्या आता. उशीर झालाय.”

“ऊन डोक्यावर हाय आन् उशीर म्हणं! अहो, हाकेवर हाय. ह्या पांदीनं सरळ जा. प्रमोदच्या वळणापासून आत वळलं की आखाडाच.”

प्रमोद दोन पावलं पुढे आला. बाई आपल्याला ओळखते की काय, म्हणून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हळदीवरची चिमणी हाकलत होती.

“तिथं काय आहे?” त्याने विचारलं. “पाटी? झाड?”

“काय बी न्हाई. नुसती वाट वळती. तिथून पुढं गेलेलं माणूस आखाड्यावरून दिसंनासं व्हतं, एवढंच.”

“हा प्रमोद कोण?”

“आमाला काय ठावं? ह्या गावात त्या नावाचं कोणी न्हाई. पण शेषरावमामा तीस सालापासून वाट इचारणाऱ्या हरेकाला असंच सांगतेत, आता समदं शिवारच तसं म्हणतं.”