पाण्यातल्या माणसाला विचारायचे प्रश्न

बोटीवरून बाटलीची दोरी खाली सोडताना इशबेलनं दुसरा हात पाठीमागं धरला होता. पहाटे अॅरन बेटावरून निघाल्यापासून तिला त्या हाताचीच धास्ती होती. पोहणाऱ्याला बोटीवरच्या कुणाचा हात लागला, नुसतं बोट जरी लागलं, तरी पोहणं तिथंच बाद. मग आतापर्यंत कापलेलं सगळं पाणी फुकट.

खाली तिचा बाप, रॅनल्ड, पाठीवर तरंगत कोमट सरबत पीत होता. ओठ जांभळे पडले होते. डाव्या हाताची बोटं फाकली होती आणि ती त्याला जुळवता येत नव्हती.

"लवकर गिळ रे म्हाताऱ्या!" टॅम सुकाणूवरून ओरडला. बोट त्याची होती. "ओहोटी लागलीय. तू घुटके घेतोयस तेवढ्यात आपण मागं चाललोय."

"हे सरबत आहे की कुत्र्याचं औषध?" रॅनल्ड म्हणाला. शब्द सावकाश येत होते, पण येत होते.

किनारा समोर दिसत होता. गेला बराच वेळ तो तेवढाच दिसत होता. मुलांच्या रुग्णालयातली मंडळी वाळूवर येऊन थांबली होती, काही पोरं चाकांच्या खुर्चीत. इथून सगळीच ठिपक्यांएवढी. वॉर्डात मूल निजलेलं असताना आईबापांना पाठ टेकायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी खोल्या बांधायच्या होत्या. लोकांनी पैसे कबूल केले होते ते रॅनल्ड त्या वाळूवर स्वतःच्या पायांनी उभा राहील, या बोलीवर. निघताना त्यानं इशबेलला बजावलं होतं, "मी म्हणेपर्यंत मला बाहेर काढायचं नाही. मी रडलो तरी नाही." तिनं मान हलवली होती.

गिलक्रिस्टबाई कठड्यावर वाकल्या. पोहण्याच्या संघटनेनं त्यांना देखरेखीला पाठवलं होतं. घरच्यांशी त्यांची ओळख आजचीच. दर बाटलीला त्या पोहणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारत. थंडी डोक्यात शिरली तर पोहणाऱ्याला स्वतःला कळत नाही, उत्तरावरून दुसऱ्यांना कळतं. उत्तर चुकलं की बाहेर.

"रॅनल्ड, सकाळी सांगत होतात ती तुमची कुत्री, ब्रॅम्बल, तिला आज घरी खायला कोण घालतंय?"

"एफी."

"एफी कोण?"

"बायको माझी. उन्हं वर आल्याशिवाय उठत नाही ती. कुत्रं आज उपाशीच म्हणायचं."

गिलक्रिस्टबाई हसल्या. "थट्टा सुचतेय म्हणजे डोकं शाबूत आहे," त्या इशबेलला म्हणाल्या. "जाऊ दे पुढं."

इंजिनाच्या आवाजात टॅमला काही ऐकू गेलं नव्हतं. एफीची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो होता. फेब्रुवारीत. ब्रॅम्बल आज शेजाऱ्यांकडे होती.

इशबेलनं बापाकडे पाहिलं. घरीही तो चुकून असं बोलून जायचा. 'एफीला विचारतो' म्हणायचा आणि मग गप्प होऊन केटलीकडे बघत बसायचा. आत्ताही तसंच झालं असेल. ती त्याच्या गप्प होण्याची वाट बघत राहिली. तो गप्प झाला नाही. त्यानं बाटली सोडून दिली, गॉगल ठीकठाक केला. खुशीत होता.

"बाबा," तिनं हाक मारली. "आई कुठाय?"

"कुठाय म्हणजे? ती काय समोर, पिवळ्या कोटात." त्यानं किनाऱ्याकडे मान केली. "हात करतेय बघ. तिला फार वेळ उभं राहवत नाही. चला."

तो पालथा झाला आणि हात मारू लागला. डावा हात पाण्यात शिरत नव्हता, वरचेवर नुसता आपटत होता. किनाऱ्यापासून एवढ्या लांब इशबेलला कुणाचाच कोट दिसत नव्हता. ती बोलली नाही तर कुणाला कळणार नव्हतं. पुढच्या बाटलीपर्यंत तरी नाही.

"बाई," ती म्हणाली, "माझी आई या फेब्रुवारीत गेली."

गिलक्रिस्टबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "टॅम, इंजिन बंद! शिडी सोड!" आणि हळू आवाजात, "कोण धरणार? तू की मी?"

"मी."

बोट सरकत त्याच्या अगदी जवळ आली. इशबेल फळ्यांवर पालथी पडली आणि तिनं हात खाली सोडला. रॅनल्डनं तो पाहिला मात्र, पाय झाडून मागं सरला.

"हात लावू नकोस! खुळी आहेस का? लावलास की संपलं. त्या पोरांना काय तोंड दाखवू मी?" त्याला धाप लागली होती. "तुझी आई केव्हाची उभी आहे तिथं, इशबेल."

तिचं नाव त्यानं अगदी स्वच्छ उच्चारलं.

इशबेलनं किनाऱ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, एकेक ठिपका. मग ती पुढं सरकली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.